लॉटमध्ये किती देणार?

तर माझं जुन्या वस्तूंचं दुकान बंद झालं. म्हणजे केलं, मीच. बरेच दिवस शटर खाली बघून तीन-चार जुन्या गिऱ्हाइकांचे फोन आले आणि त्यातल्या एकाने तर मी हॅलो म्हटल्यावर "अरे वा, तुम्हीच बोलताय!" असं म्हटलं, त्यावरून त्याच्या मनात काय आलं होतं ते कळलंच. आहे बाबांनो, आहे. गुडघे सोडले तर सगळं ठीक आहे.

गिरगावात ठाकूरद्वारपासून चार मिनिटांवर, गल्लीत आत, १४० स्क्वेअर फूट आणि वर पोटमाळा, एवढंच ते दुकान. १९६३ साली बाबांनी पागडीवर, म्हणजे एकरकमी पैसे देऊन कायमच्या किरकोळ भाड्यावर, घेतलं तेव्हा ते घड्याळ दुरुस्तीचं होतं. बाबा डोळ्याला आयग्लास, म्हणजे घड्याळजीचं भिंग, लावून दिवसभर वाकलेले असायचे, आणि शनिवारी सकाळी चाव्यांचा जुडगा घेऊन बाहेर पडायचे, कारण इराण्यांची हॉटेलं, एक शाळा, दोन पेढ्या आणि एक देऊळ इथल्या भिंतीवरच्या घड्याळांना आठवड्याची चावी द्यायचं त्यांचं महिन्याचं कंत्राट होतं. आठ दिवसांची चावी असते त्या घड्याळांना, सातव्या दिवशी द्यायची म्हणजे कधी बंद पडत नाही. मग क्वार्ट्झ आलं. सेल टाका आणि विसरा. लोक घड्याळ दुरुस्तीला टाकून जायचे आणि न्यायलाच यायचे नाहीत, पोस्टकार्ड पाठवलं तरी नाही. ८५ साली मी गल्ल्यावर बसायला लागलो तेव्हा पोटमाळ्यावर अशी बेवारस २९ घड्याळं होती, ॲन्सोनिया, सेथ थॉमस, युंगहान्स, सगळी धूळ खात. बाबांना ती विकायची हिंमत होत नव्हती, उद्या मालक आला तर? मी सहा वर्षं थांबलो आणि विकली. तेच माझं भांडवल. तेव्हा बोर्डावर पेंटरकडून 'अँटिक' असं लिहून घेतलं, त्याने 'अॅंटीक' लिहिलं, ते शेवटपर्यंत तसंच राहिलं.

या धंद्यात लोकांना वाटतं विकणं अवघड. अजिबात नाही. विकणं म्हणजे वाट बघणं, बस. खरं काम घेण्यात आहे. माल येतो कुठून? घरं मोडतात तिथून. म्हातारं माणूस गेलं, भाऊ वेगळे झाले, चाळ रिडेव्हलपमेंटला गेली, मुलगा न्यू जर्सीला घेऊन चालला, दोन खोल्यांचं सामान मीरा रोडच्या वन बीएचकेमध्ये मावत नाही. मग फोन येतो, "जरा येऊन बघून जाता का?" मी गेली पस्तीसेक वर्षं लोकांच्या घरात त्यांच्या सगळ्यात वाईट आठवड्यात शिरत आलो आहे, आणि शिरल्यावर पहिलं वाक्य ठरलेलं: "वस्तू चांगली आहे हो, पण याला बाजार नाही."

खोटं नसायचं ते नेहमी. तांब्याचा बंब घ्या. घरोघरी होते, गीझर आल्यावर सगळ्यांनी एकदमच काढले, मग बाजार कसला, भंगारवाला किलोवर घ्यायचा. आणि दहा-पंधरा वर्षांनी कुठल्यातरी इंटिरियरवालीने त्यात झाड लावलं आणि एकदम सगळ्यांना बंब पाहिजे झाले. पण तोपर्यंत मी कित्येक बंब तांब्याच्या भावाने घेऊन ठेवले होते हेही खरं. ज्याच्याकडून घेतले त्याला माहीत नव्हतं, मलाही नक्की माहीत नव्हतं, पण माझा अंदाज होता. त्या अंदाजाचेच पैसे मिळतात या धंद्यात. वाईट वाटून घ्यायचं तर धंदाच करता येत नाही.

आता दुकान का बंद केलं. सगळे म्हणतात ऑनलाइनमुळे. नाही. उलट इन्स्टाग्रामवर भाचीने पेज काढून दिलं तेव्हापासून फणेरपेट्या (फणी-कुंकवाच्या, आरशाच्या लाकडी पेट्या) आणि पानदानं पुण्या-बेंगळुरूला जायला लागली होती. मेट्रोचं म्हणाल तर खोदकामाच्या वर्षांत त्रास झाला, रस्त्यावर पत्रे, गाडी लावायला जागा नाही, आणि आमच्या भिंतीवरची घड्याळं सारखी बंद पडायची. लंबकाचं घड्याळ केसभर जरी तिरकं झालं तरी त्याची चाल बिघडते. टिक आणि टॉक यांच्यातलं अंतर सारखं पाहिजे, ते लंगडायला लागलं की समजायचं घड्याळ थोड्या वेळात थांबणार. मग कान लावायचा, डावीकडे किंचित ढकलायचं, परत कान लावायचा. सकाळी दुकान उघडलं की पहिलं काम तेच, ११ घड्याळं सरळ करायची, अगरबत्ती नंतर. आता मेट्रो-३ सुरू झाली, गिरगाव स्टेशन झालं, माणूस बीकेसीहून थेट येऊ शकतो, आणि आता मी नाही. असो.

खरं कारण पोटमाळ्याची शिडी. नऊ पायऱ्या, उभ्या. माल वर, गिऱ्हाईक खाली, आणि मध्ये ६६ वर्षांचे गुडघे. पोरगा ठेवून बघितला, दोन ठेवले, पण पोऱ्याला "वरची शिसवी फणेरपेटी आण" सांगितलं की तो मसाल्याचा डबा आणणार. मुलगी नोकरीत आहे, तिला दुकान आवडतं, म्हणजे रविवारी येऊन फोटो काढायला आवडतं. त्यात बिल्डिंगचं रिडेव्हलपमेंटचं चालू झालं, सह्या, मीटिंगा, आज हा बिल्डर उद्या तो. सेस बिल्डिंग, म्हणजे दुरुस्तीचा कर भरणारी जुनी भाड्याची इमारत, भाडं महिन्याला काही शेकड्यात, आणि टेन्शन लाखांत. पागडी ट्रान्सफर केली की मालकाला साधारण एक तृतीयांश द्यावा लागतो, हा रिवाज आहे, आणि १९९९ च्या भाडे कायद्यानंतर पागडीचा पैसा चेकने घेता येतो, पूर्वीसारखं पिशवीत नाही. आमचे मालक सुरुवातीला निम्मे म्हणत होते. तीन महिने त्यात गेले. त्यावर जास्त लिहीत नाही, बीपी वाढतं. आता तिथे रेडिमेड नऊवारी शिवून देणारी ताई येणार आहे, तिचं चांगलं चालेल, लग्नसराईत गिरगावात नऊवारीला मरण नाही.

मग माल काढायचा प्रश्न आला. तेव्हा जी मजा झाली ती सांगायलाच हे लिहायला घेतलं.

पहिला व्यापारी आला तो ओळखीचाच, चोर बाजारातल्या मटण स्ट्रीटवरचा, बोहरी चाचा. तीस वर्षं एकमेकांना माल दिला-घेतला आहे. चोर बाजार म्हटलं की ते 'शोर'चं 'चोर' झालं ही गोष्ट सगळे सांगतात म्हणून मी सांगत नाही. चाचा आले, खुर्चीवर बसले, चहा घेतला, माझ्या शिसवी कपाटावरून हात फिरवला, वास घेतला, दार उघडून मागची फळी बघितली (मागची फळी बघायचीच, पुढे शिसव आणि मागे प्लाय असा माल खूप फिरतो), आणि म्हणाले, "भाई, चीज अच्छी है. मगर अब इसका मार्केट नहीं."

मी हसायलाच लागलो. चाचांना कळेना काय झालं.

पण रात्री झोप लागली नाही. कारण मला माहीत होतं की ते बरोबर बोलतायत. आजच्या फ्लॅटची लिफ्ट केवढी, त्यात सात फुटी कपाट जातं का? आणि मला हेही माहीत होतं की ते बोलताना त्यांच्या डोक्यात कुठल्या फिल्मवाल्याचा नंबर फिरत होता. सेटवाले भाड्याने घेतात असं फर्निचर, आर्ट डायरेक्टरचा माणूस येतो, टेम्पोत घालून नेतो, दिवसाचं भाडं देतो. माझा काळा डायल फिरवायचा फोन अशा तीन सीरियलमध्ये वाजला आहे, एकात तर खून झाल्यावर. फोन परत आला तेव्हा त्याची वायर कापलेली होती, ती कोणी भरून दिली नाही.

दुसरा आला तो नव्या पोरांपैकी, जोगेश्वरीला गोडाऊन आहे. त्याने वस्तू बघितल्याच नाहीत, मोबाईलवर व्हिडिओ काढला आणि विचारलं, "काका, लॉटमध्ये किती देणार?" म्हणजे सगळं एकगठ्ठा. हे वाक्य मी किती घरांत म्हटलं असेल! लॉट म्हणजे काय, चांगल्या दहा वस्तूंच्या भावात वाईट नव्वद फुकट घालून घ्यायच्या, आणि देणाऱ्याला वाटतं सुटलो एकदाचा, घर रिकामं झालं. मी त्याला म्हटलं एकेक वस्तू बघ. तो म्हणाला, "काका, एकेक बघितलं तर तुम्हालाच वाईट वाटेल." च्यायला, हुशार होता.

मग मी स्वतःच एकेक करून काढायला बसलो. चार महिने. त्यात कळलं की आपण जे जन्मभर दुसऱ्यांना शिकवलं ते आपल्यालाच किती येतं. उदाहरणार्थ रविवर्म्याची चित्रं. १८९४ ला त्यांचा छापखाना मुंबईत सुरू झाला, मग मळवलीला गेला, आणि तिथून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वती घराघरात पोचल्या. माझ्याकडे सात होत्या, पैकी एका लक्ष्मीला कोणीतरी हौसेने जरीची साडी आणि मणी चिकटवलेले. वर्षानुवर्षं मी त्या सातही 'ओरिजिनल' म्हणून धरून होतो. भिंग लावलं. जुन्या दगडावरच्या छपाईत रंगाचे ठिपके हाताने टाकल्यासारखे वेडेवाकडे दिसतात, आणि नंतरच्या ऑफसेटमध्ये ठिपके रांगेत, कवायत केल्यासारखे. सातातल्या दोन कवायतवाल्या निघाल्या. घेताना घाई केली होती, दुसरं काय. त्या दोन मी नवीन प्रिंट सांगूनच विकल्या, फ्रेमच्या भावात. जरीवाली बायकोने ठेवून घेतली, बोलायची सोय नव्हती.

ग्रामोफोनचं तर बोलूच नका. पितळी भोंग्याचा चकचकीत ग्रामोफोन दिसला की समजा भोंगा नवा, पेटी नवी, आणि आतलं मशीन कुठल्यातरी पोर्टेबल ग्रामोफोनचं काढून बसवलेलं. मी असे विकले आहेत, 'डेकोरेटिव्ह' सांगून. पण तबकड्या खऱ्या होत्या, ७८ च्या, लाखेच्या, पडली की बशीसारखी फुटते. एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं गाणं, आणि खरं तर दर बाजूला सुई बदलायची. त्या सगळ्या ठाण्याच्या एका रिटायर्ड मास्तरांनी नेल्या, रिक्षात मांडीवर घेऊन, रिक्षावाल्याला दर खड्ड्याला ओरडत. ते मला आवडलं.

मनगटी घड्याळांत मात्र मी एक पाप कधी केलं नाही. परदेशातल्या घड्याळवेड्या लोकांत 'मुंबई स्पेशल' असा शब्द आहे, अभिमानाने म्हणत नाहीत, शिवी आहे ती. म्हणजे जुन्या घड्याळाची तबकडी नव्याने रंगवायची, भडक लाल-निळी, काटे एकाचे, केस दुसऱ्याची, मशीन तिसऱ्याचं, आणि 'व्हिंटेज' म्हणून ऑनलाइन विकायचं. कितीतरी एचएमटी असेच फिरतायत. बाबा असते तर आयग्लास फेकून मारला असता.

आणि नाणी! दुकान बंद होतंय कळल्यावर तर रांग लागली नाणी घेऊन येणाऱ्यांची, यूट्यूबवर बघून, की व्हिक्टोरियाच्या रुपयाचे लाखो मिळतात. अहो, १८६२ चा रुपया म्हणजे ११.६६ ग्रॅम, त्यात जवळजवळ ९२ टक्के चांदी, आणि ते साल इतकं चाललं की ढिगाने मिळतं. चांदीच्या वर थोडंसं मिळेल. वैष्णोदेवीच्या पाच रुपयांचं तर नावच नको. रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये जाहीर सांगितलं होतं की जुन्या नाण्यांच्या नावाने आमचं नाव वापरून फसवणूक चालते, आम्ही असल्या व्यवहारात नाही. मी ते पत्रक प्रिंट काढून काउंटरला चिकटवलं होतं, तरी लोक ते वाचत वाचत खिशातून नाणं काढायचे.

एक गंमत मात्र शेवटच्या वर्षातच लक्षात आली. १९७२ चा पुरावस्तूंचा कायदा आहे, त्यात साधारण १०० वर्षांची अट आहे, हस्तलिखितांना ७५. तशा वस्तूंचा धंदा करायला लायसन्स लागतं, काही प्रकारांची नोंदणी लागते, आणि देशाबाहेर नेता येत नाही. देवळातल्या मूर्तींना मी कधी हात लावला नाही, कितीही कोणी अर्ध्या रात्री पोत्यात घालून आणली तरी. माझा सगळा माल आपला १९२०-३० च्या पुढचा, त्यामुळे निर्धास्त होतो. पण वर्षं पुढे सरकतात ना! १९२५ ची वस्तू २०२५ ला शंभरची झाली. मी काही न करता माझा माल माझ्यासमोर भिंतीवर बसल्या बसल्या म्हातारा होत होता. परवा अमेरिकेत निघालेल्या एका मुलीला आजीची समई न्यायची होती तर तिला पुरातत्त्व खात्याचं 'ही पुरावस्तू नाही' असं सर्टिफिकेट काढायला सांगितलं, म्हटलं एअरपोर्टवर रडत बसण्यापेक्षा आधी काढ.

आता ती फणेरपेटीची गोष्ट. ९० च्या आसपास, खोताच्या वाडीच्या पुढे एका चाळीत मी एक पेटी घ्यायला गेलो होतो. शिसवी, झाकणात आरसा, तो कडेने काळा पडलेला, आत करंड्याची जागा, फणीची जागा, मेणाची डबी, आणि खाली एक चिमुकला चोरकप्पा. म्हातारीने पैसे मोजून घेतले, कनवटीला लावले, आणि मग पेटी परत मांडीवर ओढून तो चोरकप्पा उघडला. आत काही नव्हतं. तिने बोट घालून कोपऱ्यातलं जुनं कुंकू काढलं, सुकून मातीसारखं झालेलं, आणि बोटाकडे बघत बसली. खाली टेम्पो उभा होता, हवालदार हलवायला सांगत होता, मी म्हटलं, "आजी, आटपा हो, टेम्पो थांबलाय." तिने लगेच पेटी सरकवली. काही बोलली नाही.

मी हे पस्तीस वर्षं विसरलो होतो. खरंच.

शेवटच्या दिवशी जोगेश्वरीच्या त्याच पोराने उरलेला माल लॉटमध्येच घेतला, शेवटी दिलाच मी लॉटमध्ये, माझ्या अंदाजाच्या निम्म्यात. त्याची माणसं भराभर उचलत होती. बाबांचं कामाचं टेबल राहिलं होतं, ते पण सौद्यात होतं. सगळ्यात खालचा खण ओलाव्याने फुगलेला, माझ्याच्याने वर्षभर उघडला नव्हता. मी खाली बसलो, गुडघा दुमडत नाही म्हणून पाय लांब करून फरशीवरच बसलो, आणि ओढत राहिलो. निघाला. आत बारीक स्प्रिंगा, कागदात गुंडाळलेले काटे, एक तुटका चिमटा, आणि बाबांच्या अक्षरातल्या चिठ्ठ्या, दुरुस्तीला आलेल्या घड्याळांच्या. नाव, खोली नंबर, काय बिघडलं. 'ठोके एक कमी देते.' 'पावसाळ्यात मागे पडते.' 'मालक म्हणतात रडते, तपासणे.' एकेक वाचत बसलो. घड्याळ रडतं म्हणजे काय बिघडतं ते मला अजून कळलेलं नाही.

वर बघितलं तर तो पोरगा दारात उभा. म्हटलं आता हा म्हणणार टेम्पो थांबलाय. तो गेला आणि समोरून दोन कटिंग घेऊन आला, एक माझ्या हातात दिला, आणि माणसांना बाहेर बसवलं. मोजून पाऊण तास. बाहेर ट्रॅफिकवाला आला होता, चारशे-पाचशेचं काहीतरी चलान झालं ते मला दुसऱ्या दिवशी कळलं, त्याच्याकडून नाही, हमालाकडून. टेबल मी दिलं, खण ठेवून घेतला. तो म्हणाला, "काका, खण नसलेलं टेबल विकू कसं?" मग स्वतःच म्हणाला, "करतो काहीतरी."

आता काय करतो? दहिसरला घरी बसतो, म्हणजे बसत नाही. मंगळवार आणि शुक्रवार ठेवले आहेत. शुक्रवारी पहाटे चोर बाजारात, दुकानं बंद असतात तेव्हा रस्त्यावर माल पसरतात तो बाजार, अंधारात टॉर्च मारून बघायचा. विकत काहीही घ्यायचं नाही असा घरी करार आहे. आतापर्यंत तीनदा मोडला, त्यातलं एकदा कळलं. मंगळवारी कोणाच्या घरी जाऊन वस्तू बघून देतो, फक्त काय आहे आणि कितीची आहे ते सांगायचं, घ्यायचं नाही, त्यामुळे आयुष्यात पहिल्यांदा "याला बाजार आहे" असं मोकळेपणाने म्हणता येतंय. फी चहा आणि रिक्षाभाडं.

आणि गॅलरीत, बाबांचा खण स्टुलावर ठेवून, भिंतीवरची घड्याळं दुरुस्त करतो. महिन्याला दोन, फार तर तीन. बायको म्हणते रात्री बाराला सगळी मिळून ठोके देतात ते बंद कर, म्हणून ठोक्यांची चावी देत नाही, नुसती चालायची देतो. कोणाकडे बंद पडलेलं असेल तर आणा. फक्त आणण्याआधी लंबक काढून वेगळा कागदात गुंडाळा, आणि हात जोडून सांगतो, त्यात खोबरेल तेल घालू नका. थंडीत गोठतं ते, मग सगळं मशीन खोलून रॉकेलमध्ये धुवावं लागतं आणि गॅलरीत वास सुटला की शेजारच्या वहिनी बेल मारतात.